कंदुरीची बरणी

बनुकाकी मटण डोळ्यांनी कमी पाहायची आणि कानांनी जास्त. भगुल्यात चरबी कढत असली की ती चुलीकडं पाठ करून तांदूळ निवडत बसायची आणि मध्येच हात थांबवून ऐकायची. आधी जो तडतडाट असतो तो मटणातल्या पाण्याचा. पाणी संपत आलं की तो बारीक होतो, मग राहून राहून एखादा येतो, आणि शेवटी उरते ती नुसती सुळसुळ, ती चरबीची. "पाणी बोलायचं थांबलं की उतरायचं," असं ती सांगायची. मी सातवीपर्यंत शाळा शिकले, पण हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

ती माझी धाकटी चुलती, ज्ञानूकाकांची बायको. तिचं माहेर सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठचं. त्या बाजूला उसात रानडुकरं माजायची. गावची माणसं हाकारा करून डुक्कर पाडायची आणि घरटी वाटा यायचा, तो एका दिवसात संपणारा नसायचा. म्हणून तिची आई तो वाटा चरबीत शिजवून गाडग्यात भरून ठेवायची. काकी लग्न होऊन आली ती ही विद्या घेऊनच.

आमचं गाव येरळेकाठचं. ओढा ओलांडला की औंध संस्थानची हद्द. घरात तेव्हा बावीस माणसं. बोकड कापलं तर एका वेळेला संपवायचं, नाहीतर शेजारीपाजारी वाटायचं, एवढंच आमच्या बायकांना ठाऊक होतं. काकी आली आणि दसऱ्याच्या बोकडाचं निम्मं मटण गुऱ्हाळापर्यंत टिकायला लागलं. हाडं ती त्याच दिवशी रश्श्याला लावायची. मऊ मटणाच्या सुपारीएवढ्या फोडी करून मीठ-हळद चोळायची, त्यांच्याच पाण्यात शिजवून पाणी आटवायची, मग मंद विस्तवावर चरबीत दोन-तीन तास ठेवायची. कढत असतानाच बरणीत भरायचं आणि वरून दोन बोटं चरबी ओतायची. चरबी थिजली की आत वारा जात नाही. त्यात कांदा नाही, लसूण नाही, ओलं असं काहीच नाही. पळीसुद्धा ओली चालायची नाही.

गुऱ्हाळ लागलं की बायका पहाटेपासून फडात. दुपारी काकी बरणीतून दोन-तीन पळ्या काढायची, कांदा-खोबरं भाजून वाटायची, काळं तिखट घालायची, हंडाभर पाणी ओतायची, आणि बावीस माणसं त्यावर जेवायची. माझी आई, शालूबाई, घरातली थोरली जाऊ. ती म्हणायची, "बनूच्या ताब्यात बोकड दिलं तर पुढच्या साली ती त्येला चालवत परत आणंल."

काकीची बरणी चिनी मातीची होती, पाच शेरांची, सांगलीच्या पेठेत सुकुमारशेठच्या दुकानातून आणलेली. शेठ जैन. त्यांनी बरणीला टिचकी मारून आवाज ऐकवला आणि विचारलं, कैरीचं घालणार का लिंबाचं. काकी लिंबाचं म्हणाली. पुढं माहेरी जाता-येता ती कधी त्या दुकानावरून गेली नाही. मागच्या बोळातनं जायची. देवासमोर उभं राहून खोटं बोलल्यासारखं वाटतं, असं ती मला एकदा म्हणाली होती.

तिला तीन मुलं झाली, त्यातला जगला तो कृष्णात. एक्केचाळीस साली तो पलटणीत भरती झाला. आमच्या गावात ते नवीन नव्हतं. माझे वडील हंबीरराव, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तेही आधीच्या लढाईत जाऊन आलेले. कृष्णात गेला त्या दिवशी काकीनं ओढ्याकाठच्या म्हसोबाला नवस बोलला. पोरगं घरी आलं की त्याच्या नावानं बोकडाची कंदुरी करीन.

कंदुरीचे नियम आमच्याकडं कडक. बोकड देवापुढंच कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच खायचं. दिवस मावळायच्या आत संपवायचं. उरलं तर तिथंच पुरायचं, घरी एक फोड आणायची नाही. आणि नवस ज्याच्या नावाचा, त्याच्या तोंडात घास गेल्याशिवाय तो फिटत नाही.

चव्वेचाळीस सालच्या माघात कृष्णाताचं पत्र आलं. पाडव्याच्या सुमाराला महिन्याची रजा मिळणार होती. पत्र मीच वाचलं. काकीनं ते परत एकदा वाचायला लावलं आणि मग उठून जनावरांना पाणी दाखवायला गेली. आबांनी पाडव्यानंतरचा रविवार धरला. भावकीला सांगावा गेला. घरातला एक काळा बोकड काढून आबांनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला. गुलाल लागला की तो बोकड देवाचा. मग त्याला विकता येत नाही, घरी कापता येत नाही, पुढच्या महिन्यावर ढकलताही येत नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी ज्ञानूकाका रहिमतपूरच्या स्टेशनवर जाऊन बसले. दोन्ही दिवस एकटेच परत आले. शनिवारी त्यांना तिथं दुसऱ्या गावचा एक शिपाई भेटला होता. तो म्हणाला की आसामच्या बाजूला लढाई पेटलीय, सगळ्यांच्या रजा बंद झाल्यात, मी कसाबसा आधी निघालो. काकांनी हे सोप्यात बसून सांगितलं. काकी माजघराच्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं की शिपाई कुठल्या पलटणीचा. काकांनी ते विचारलंच नव्हतं.

आबांनी ठरवलं की कंदुरी उद्याच होणार. भावकी जेवायला येणार, बोकडाला गुलाल लागलेला. कृष्णाताच्या नावानं त्याचा बाप पहिला घास घेईल, देव समजून घेईल. काका मानेनं हो म्हणाले. काकी आत गेली.

रविवारी सकाळी आम्ही सगळे ओढ्यावर गेलो. चैतातला ओढा कोरडा, वाळूत झरा खणून पाणी काढायचं. मुलाण्यानं बोकड कापलं, म्हसोबाला काळजाचा नैवेद्य दाखवला, चिंचेखाली चार चुली मांडल्या. काकीच्या पाटीत बरणी होती. आईनं विचारलं, ही कशाला आणलीस. काकी म्हणाली, "मीठ हाय त्यात."

मीठ खरंच होतं, पण ती बरणी घासून, उन्हात वाळवून मग आणलेली होती, हे मला ठाऊक होतं.

तिनं मांडीचं मटण आधीच बाजूला काढलं होतं. थोरल्या माणसांसाठी सुकं करते, असं सांगून ती कडेच्या चुलीपाशी बसली. भगुलं मंद विस्तवावर ठेवलं. कुणी जेवायला बसायच्या आत ते तयार व्हायला हवं होतं, कारण कृष्णाताच्या वाट्याच्या आधी कुणाचा घास नको होता. बाकीच्या चुलींवर हंड्यांत रस्सा रटरटत होता. मध्ये ती झऱ्यावर पाणी आणायला गेली, तेवढ्यात माझ्या आईनं येऊन भगुल्यात बघितलं. बिनमसाल्याचं मटण बघून तिला ते राहून गेलंय असं वाटलं. तिनं ठेचलेल्या लसणाची मूठ आत टाकली आणि पळीनं हलवून निघून गेली.

काकी परत आली. तिनं घागर खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली. वासच आला असणार.

"आक्का, ह्यात काय घातलंसा?"

"लसूण," आई तिकडूनच म्हणाली. "बिनलसणाचं कोण खातंय, बाई? म्हातारी असली तरी त्यास्नी जिभा हायत."

काकीला बोलता येईना, कारण बोलली तर सगळं सांगावं लागलं असतं. ती चुलीपाशी बसली आणि पळीच्या टोकानं लसणाचा एकेक कण वेचून बाहेर टाकू लागली. लसणात ओल असते. ती मटणात उतरली की बरणी महिना काढत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण दुसरं मटण उरलं नव्हतं. ते सगळं हंड्यांत गेलं होतं.

पंगत बसायच्या आधी तिनं मीठ पाटीतल्या फडक्यात ओतलं, बरणी पुसली आणि ते मटण भरलं. अर्ध्याला थोडं कमी. वर चरबी ओतली. मग काकांनी पहिला घास घेतला, भावकी जेवली, दिवस मावळायच्या आत हंडे रिकामे झाले. उरलेला रस्सा आणि हाडं आबांनी नियमाप्रमाणं खड्डा करून पुरली. बरणी भाकरीच्या फडक्याखाली झाकून घरी आली. ज्वारीच्या कणगीत खोल गेली.

आठ दिवसांनी आमचा डावीकडचा खिलार बैल पोट फुगून मेला. कडवळाची कोवळी वैरण जास्त खाल्ली होती, असं गुराचं बघणारा म्हणाला. ते तिथंच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आई कणगीतून ज्वारी काढत असताना तिचा हात बरणीला लागला.

ते सगळं सोप्यात झालं. बरणी मध्ये, आबा घोंगड्यावर, काका खांबाला टेकून, काकी दाराआड पदर घेऊन. आई म्हणत होती की मला ठाऊक असतं तर मी बोललेच नसते, आणि तेच परत परत बोलत होती. आबा आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी काकीला विचारलं की हे म्हसोबाचं आहे का. ती हो म्हणाली.

"मग आपल्या दारात बैल का मेला, ते मला कुणी सांगायची गरज न्हाई," आबा म्हणाले.

काकी आतूनच म्हणाली, "भावजी, नवस कुणाच्या नावाचा?"

"कृष्णाताचा."

"त्येनं खाल्ल्याबिगर फिटला कसा म्हनायचा?"

"न्हाई फिटला तर न्हाई. देवाचं ऱ्हायलं तर पुन्हा देता येतं. आज बैल गेला, उद्या घरातलं माणूस जाईल."

"माझं माणूस घरात न्हाईच," काकी म्हणाली.

काकांनी खाली बघितलं. काकीनंच पुढं विचारलं, "कंदुरीचं उरलं तर काय करायचं असतं, भावजी?"

"तिथंच पुरायचं."

"मग पुरते."

"आजच."

"आजच," म्हणून ती बाहेर आली, बरणी उचलली, परड्यातली कुदळ घेतली आणि ओढ्याकडं निघाली. आबांनी मला तिच्याबरोबर जायला सांगितलं.

म्हसोबाच्या कट्ट्यापासून पाच पावलांवर तिनं वाळू उकरली. दोन हात खाली वाळू काळी आणि गार होती, हात घातला की कळायचं. तिनं बरणीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं, वर चिखल लिंपला आणि बरणी तशीच त्या खड्ड्यात उतरवली. मी तिच्याकडं बघत राहिले. ती म्हणाली, "अंजे, पुरायचं म्हनलेत. ओतायचं न्हाई म्हनले." वाळू ओढून तिनं वर तीन दगड ठेवले, म्हसोबाला हात जोडले आणि आम्ही परत आलो. घरी तिनं पुरलं एवढंच सांगितलं.

पण गावात अशी गोष्ट लपत नाही. पुढच्या आठवड्यात आबा स्वतः ओढ्यावर जाऊन आले. त्यांनी दगड बघितले असणार, आणि उकरूनही बघितलं असणार, कारण त्यांच्या नखांत वाळू होती. जेवताना ते काकांना म्हणाले की गाडग्यासकट पुरायचं का गाडगं फोडून, हे काही वाडवडलांनी सांगितलेलं नाही. मग त्यांनी ताक मागितलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

काकीची काळजी वेगळीच होती. लसणामुळं बरणी तिच्या भरवशाची राहिली नव्हती. म्हणून ती दर अवसेला ओढ्यावर जायची, तीन दगडांची चूल मांडायची, बरणी काढून मटण भगुल्यात ओतायची आणि पुन्हा कढ द्यायची. घरून काही न्यायचं नाही आणि तिथलं काही आणायचं नाही, म्हणून ते भगुलंही तिनं तिथंच ठेवलं होतं. चिंचेच्या ढोलीत. आवाज बंद झाला की बरणी पुन्हा भरायची आणि पुरायची. येणारेजाणारे बघायचे. ओढ्यापलीकडची माणसं म्हणायची की बनुबाई म्हसोबाला अवसेचं जेवण घालती. काही बायका आपलं तेल-नारळ तिच्या हाती द्यायला लागल्या. ती घ्यायची आणि देवाला वाहायची.

काकी ते मटण कधी चाखत नसे. तो घास तिचा नव्हता. वास घ्यायचा आणि आवाज ऐकायचा, त्यावरच तिचं सगळं चाललं होतं.

वैशाखापासून कृष्णाताची पत्रं थांबली. आषाढात एक कार्ड आलं, त्यावर दोन ओळी होत्या. मी खुशाल आहे, काळजी करू नये. तारीख दीड महिन्यापूर्वीची. मी उत्तर लिहिताना बरणीचं लिहू का म्हणून विचारलं. काकी नको म्हणाली. म्हणाली, तिकडं वाचून त्याला लाज वाटंल.

पाऊस लागायच्या आधी तिनं बरणी ओढ्याच्या पात्रातून काढून कट्ट्याच्या पायाशी, चिंचेच्या मुळांत पुरली होती. आषाढात ओढा दोन थड्या भरून आला. पाणी कट्ट्यापासून हातभर राहिलं. ती पोत्याची खोळ घेऊन अलीकडच्या बांधावर उभी राहून बघत होती. संध्याकाळी पाणी उतरलं तशी घरी आली आणि चुलीपाशी बसून पाय शेकले.

श्रावण तिला जास्त जड गेला. श्रावणात आमच्या घरात वशाटाला हात लावत नाहीत, आणि ती तर सोमवार-शनिवार धरायची. अवस आली, पण ती ओढ्यावर गेली नाही. त्या महिन्यात ती जपाची माळ घेऊन जास्त वेळ बसायची. काय मागायची ते तिलाच ठाऊक.

भादव्यात तिनं बरणी काढली तेव्हा मी बरोबर होते. वरच्या चरबीवर हिरवट बुरशी धरली होती. तिनं लाकडी उलथन्यानं बोटभर थर खरवडून टाकला. खाली चरबी पांढरी निघाली. तिनं नाकाजवळ धरली, मला धरायला लावली. मला चरबीचाच वास आला. तिनं केरबा खाटकाकडून आणलेली ताजी चरबी घालून पुन्हा कढ दिला. त्या दिवशी आवाज थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

कार्तिकात, दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी कृष्णात वेशीतून चालत आला. कळवलंच नव्हतं. पहिल्यांदा त्याला माझ्या आईनं ओळखलं, तेही चालण्यावरून. तो वाळला होता आणि अंगाची कातडी हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती. हिवताप येऊ नये म्हणून पलटणीत गोळ्या देतात, त्यानं होतं, असं तो म्हणाला. काकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकाला लागली.

तिनं कोंबडी कापून घेतली. कृष्णातानं ताटातला रस्सा बाजूला सारला आणि पिठलं आहे का म्हणून विचारलं. मग हळूहळू त्यानं सांगितलं. तीन महिने त्यांचा रस्ता बंद होता. विमानातून टाकलेले डबे यायचे. डब्यातलं मटण, नाहीतर वाळवून चिप्पाड केलेलं, ते पाण्यात भिजत घालून शिजवायचं. दोन्ही वेळेला तेच, आणि तेही पोटाला पुरेल एवढं नाही. आता वशाटाचा, त्यातून चरबीचा वास आला की ताट सारावंसं वाटतं.

काकी भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. बरणीचं तिनं सांगितलं नाही. आबांनी सांगितलं. सगळं, बैलासकट. कृष्णात ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजण ओढ्यावर गेलो. आबा, आई, काका, काकी, कृष्णात आणि मी. काकीनं बरणी काढली, चिखल फोडला, फडकं सोडलं. कृष्णातानं विचारलं, "आई, हे चैतातलं?"

"व्हय."

"आता कार्तिक हाय."

"मला म्हैनं मोजता येत्यात," काकी म्हणाली.

आबा म्हणाले की आधी कुत्र्याला एक फोड टाकावी. काकीनं मान हलवली. "त्येच्या आदी कुणी न्हाई. मीबी न्हाई." तिची अडचण मला तेव्हा नीट कळली. आधी स्वतः खाऊन बघावं तर नवस मोडतो. आधी पोराला द्यावं, आणि ते नासलेलं असलं, तर जो नवस त्याच्या जिवासाठी बोलला त्यानंच त्याला इजा व्हायची.

तिनं चूल पेटवली, भगुल्यात मटण ओतलं आणि नेहमीप्रमाणं पाठ करून बसली. तडतडाट सुरू झाला. तो थांबेना. आईनं पदर तोंडाला लावला, तिला लसूण आठवला असणार. बऱ्याच वेळानं काकी कुणाकडं न बघता म्हणाली, "थांबलं न्हाई तर ओतून टाकंन, कृष्णाता. नवस ऱ्हाऊ दे. म्हसोबाला काय सांगायचं ते मी सांगंन."

तिनं दोन गोवऱ्या ओढून विस्तव आणखी कमी केला. पुन्हा बसली. सावली कट्ट्याच्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेली. मग तडतड बारीक झाली. एकेक आवाज सुटा यायला लागला, मग दोन आवाजांत अंतर पडायला लागलं. शेवटचा एक आला आणि त्यानंतर नुसती सुळसुळ राहिली. काकी तरीही उठली नाही. आणखी थोडं ऐकून मग तिनं भगुलं उतरवलं, वास घेतला, एक फोड मोडून आतून बघितली आणि पळसाच्या पानावर ठेवली.

कृष्णातानं पान हातात घेतलं. चरबीचा वास त्याला सोसत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं म्हसोबाकडं बघितलं, श्वास धरला आणि फोड तोंडात टाकली. चावत राहिला. गिळली. काकी त्याच्या गळ्याकडं बघत होती.

"ह्यात लसूण हाय," तो म्हणाला.

"मी घातलाय," आई पटकन म्हणाली.

"डब्यात लसूण नसायचा," असं म्हणून त्यानं पान पुढं केलं. काकीनं आणखी दोन फोडी वाढल्या. त्यानं त्या खाल्ल्या. चौथी वाढायला गेली तेव्हा त्यानं पानावर हात ठेवला. तिनं आग्रह केला नाही.

मग नियमाप्रमाणं आम्ही सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली. आबांनीही. मटण काळपट, घट्ट झालेलं होतं आणि खारट लागत होतं. काकीनं सगळ्यात शेवटी खाल्लं. उरलेलं पुरायला आबांनीच कुदळ घेतली. या वेळी काकीनं भगुलं खड्ड्यात पालथं केलं, चरबीसकट. माती ओढून झाल्यावर तिनं बरणी झऱ्याच्या पाण्यात राखेनं घासली, तीनदा, आणि उन्हात पालथी ठेवली. आम्ही दिवस मावळेपर्यंत तिथंच थांबलो. थांबायची गरज नव्हती. पण ती कृष्णाताकडं बघत बसली होती, आणि कुणी उठायचं काढलं नाही. त्याला काही झालं नाही. तो चिंचेखाली झोपला आणि घोरला.

रजा संपून तो परत गेला आणि सेहेचाळीस साली कायमचा घरी आला. गुऱ्हाळासाठी काकीनं पुढं दुसरी बरणी घेतली. ती आणायला कृष्णाताला पाठवलं. सुकुमारशेठनं विचारलं तर काय सांगू, असं तो म्हणाला, तर म्हणाली, "तुला काय सांगायचं ते सांग, लिंबाचं तेवढं सांगू नको." बैलाच्या जागी आबांनी दुसरा आणला. तो लय वर्षं चालला.

जुनी बरणी घरातच राहिली. तिच्यात पुन्हा मटण भरलं नाही, लोणचंही नाही. चुलीमागच्या ओट्यावर, भानुशीवर, ती असायची. नवीन सून येऊन विचारायची, आत्याबाई, ह्यात काय हाय. काकी म्हणायची, मीठ. आणि मीठच असायचं.